पान चौसष्टवरचे दाजी

द्वारका, नाशिक
१२ मार्च २००३

तीर्थरूप दाजींस,

साष्टांग नमस्कार. आपली तब्येत ठणठणीत आहे हे मला चार दिवस कुणालाच सांगता आलेलं नाही. कारण सविस्तर लिहितो. (बागेतून घरी येऊन, बसून वाचावं.)

आमचा शेजारी नाथा आपल्याला आठवत असेल. मालिकांत नट आहे. नऊ वर्षं हवालदारच आहे, बढती नाही. त्याने गेल्या आठवड्यात स्वतः काढलेल्या आणि जमवलेल्या फोटोंचं जाडजूड पुस्तक काढलं. काढलेल्यांपैकी निम्म्या फोटोंत तो स्वतःच आहे. (हे कसं, असं मी विचारलं. 'नजर माझीच ना,' म्हणाला.) जमवलेले फोटो म्हणजे त्याच्या मालिकांत भिंतीवर टांगलेले दिवंगत वडील. मालिकेला एक तरी गेलेला बाप लागतोच, आणि त्यासाठी ओळखीपाळखीतले फोटो मागून नेतात. आपला मी दिला होता. नाथाला आयुष्यभर घरात कुणी ऐकून न घेतलेला चेहरा हवा होता. मला दुसरा कुणी सुचेना. चंदनाच्या हारात आपण एकशे चाळीस भाग टांगलेले होतात, आणि त्या मालिकेत जास्तीचा अभिनय न करणारे आपण एकटेच.

तर पान चौसष्टवर आपण हारासकट आहात. खाली छापलंय, 'कै. पुंजाजी, निफाड'. प्रुफं कोणत्या गाढवाने तपासली, देव जाणे.

प्रकाशनाला सिन्नरच्या झुंबरबाई आल्या होत्या. (नाथाची मावशी. आपल्या उज्वलाला दिवाळीत मुलासाठी पाहून गेल्या आणि तेव्हापासून 'कळवतो' म्हणत बसल्या, त्याच.) पान चौसष्ट पाहून त्यांनी डोळ्याला पदर लावला. "कधी गेले हो? तेराव्यालाही बोलावलं नाही." मी खरं सांगायला तोंड उघडलं, तोवर त्या पुढे म्हणाल्या, "आता वर्षाच्या आत उरकायला हवं, नाहीतर तीन वर्षं थांबणं आलं. मुलगा तर पहिल्यापासून तयारच आहे, आम्हीच अडून होतो. बिनबापाची पोर, आता कसला मानपान." मी तोंड मिटलं.

उज्वलाला फोन केला. आधी हसली, मग म्हणाली, "मामा, बाबांना म्हणावं, दोनच महिने." पोरीला तो मुलगा मनापासून आवडलाय, हे आपल्याला आजवर कुणी सांगितलं नसेल. (चेहरा उगाच निवडला नव्हता.)

बाकी क्षेम.

आपला मेहुणा,
किशोर

ता. क. : प्रुफं मीच तपासली. चष्मा घरी होता. हार दिसला, 'कै.' लिहिलं.

दुसरा ता. क. : लग्न आठ मेला धरलंय, तोवर आपण कैलासवासी राहावं, ही विनंती. मांडवात यायचंच असेल, तर मिशी काढून स्वतःचे धाकटे बंधू म्हणून यावं.

तिसरा ता. क. : ताईला यातलं मी काही सांगितलेलं नाही. गेलेल्या माणसाला तिची भीती नसावी, म्हणून ते काम आपल्याकडे.