बेबीच्या नावापुढचा ‘ह’

६ जाने. ६४, सोम.
तिसरी-चौथीची हजेरी घेत होते. पटावर एकतीस, समोर अठरा. नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या नावापुढे ‘ह’ लिहीत गेले. चौथीतली चांगुणा टेबलाशी उभी होती. तिला उलटं वाचता येतं हे मला ठाऊक नव्हतं.
"बाई, बेबी तर किनाऱ्यावर बोंबील टांगते हाय. तुमी ती हजर का लिवली?"
फळ्यावर माझ्याच अक्षरात सुविचार: नेहमी खरे बोलावे.
"खाली बस," म्हणाले.
बसली ती. राग नाही, काही नाही. नुसती बघत राहिली. दिवसभर कुणाला नीट शिकवलं नाही.

७ जाने., मंगळ.
आज खरे तेवढेच ‘ह’ लिहिले. एकोणीस. बाकीच्यांपुढे ‘गै’. पान कसं नागडं दिसलं.
हेडमास्तरांनी (इथून पुढे हे.मा.) मधल्या सुट्टीत पट पाहिला. ओरडले नाहीत. दार लोटून घेतलं.
"बाई, सरासरी पडली की दुसरा शिक्षक जातो. दुसरा शिक्षक म्हणजे तुम्ही. तुम्ही जाल चिंचणीला घरी. मग या कोळ्यांच्या पोरी कुणाच्या भरवशावर येणार? चार वर्गांना मी एकटा?"
खोटं नाही बोलले. माणूस वाईट नाही. ही शाळा त्यांनी मच्छीच्या शेडमध्ये सुरू केली, कौलं डोक्यावरून आणली. मी दोन वर्षांपूर्वी आले तेव्हा पट कसा भरायचा ते त्यांनीच शिकवलं, मी शिकले. एकदाही विचारलं नाही.
म्हणाले, "उद्यापासून नीट लिहा."
म्हटलं, "नीटच लिहिलंय, गुरुजी."


९ जाने., गुरु.
शाळा सुटल्यावर किनाऱ्यावर गेले. तेरा पोरी, सगळ्या माझ्या पटावरच्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. बेबीचे हात इतके चपळ. वर्गात पाटीवर याच हातांनी ‘क्ष’ काढायला अर्धा तास.
तिची आई जानकीबाई टोपली रिकामी करत होती. मी म्हटलं, पोरीला शाळेत पाठवा.
"बाई, बोंबील थांबंल काय तिच्यासाटी? ऊन गेला का सडला." हसली. मग, "तुमी तर तिला हजर लावता. मंग काय अडलं?"
म्हणजे गावालाही माहीत.

१४ जाने., मंगळ.
संक्रांत. हे.मा. म्हणाले, "तिळगूळ घ्या." पुढचं गिळलं.
पत्र आलंय. सोमवारी तपासणी. साहेब पालघरहून येणार.

१६ जाने., गुरु.
आज जे झालं ते लिहून ठेवते, नाहीतर नंतर मलाच खरं वाटणार नाही.
हे.मा. माझ्या वर्गात आले. सोबत पहिली-दुसरीची तेरा पोरं. त्यांना गैरहजर मुलींच्या जागांवर बसवलं. "बेबीचं नाव पुकारलं की तू म्हण, हजर. शेवंतीचं पुकारलं की तू." पोरांना खेळच वाटला. खुसूखुसू हसत एकमेकांच्या नावाने हजर हजर ओरडत होती. एक छोटी आपलंच नाव विसरली, तर सगळा वर्ग हसला.
चांगुणा हसली नाही. माझ्याकडे बघेना सुद्धा. तेच लागलं.
पट मी भरत होते ते माझं पाप. हे मात्र वेगळं. हे शिकवणं आहे. मी पगार घेऊन पोरांना हे शिकवायचं?
हे.मा. गेल्यावर वर्गाला सांगितलं: "आपलं नाव आपणच सांगायचं. दुसऱ्याच्या नावाने कुणी हजर म्हणायचं नाही. आणि मी खोटी हजेरी लावत होते. ते चुकलं माझं."
कुणीतरी मागून म्हणालं, "बाई, तुमाला कान धरून उभी करायची काय?"
धरले मी कान. पाच मिनिटं. हसले सगळे, मीसुद्धा. चांगुणा आता बघत होती.

१८ जाने., शनि.
हे.मा.: "तपासणी एक दिवसाची. तुमचं तत्त्व मंगळवारी परत घ्या."
ठरलंय माझं.

२० जाने., सोम.
साहेब दहाला आले. हार, नारळपाणी. माझ्या वर्गात पोरं खच्चून भरलेली. पट हे.मा.नीच हातात घेतला. मला दिलाच नाही.
"बेबी."
दुसरीतली सुमी उठली. सहा वर्षांची. तोंड उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. एकीकडे हेडगुरुजी, एकीकडे बाई. त्या पोरीवर हे का टाकायचं?
मी म्हटलं, "साहेब, ही बेबी नाही. ही सुमन, दुसरीतली. सुमन, बस बाळ."
मग बोलतच गेले. सात तारखेआधीचे कितीतरी ‘ह’ खोटे आहेत, अक्षर माझं आहे, आज समोरची तेरा मुलं या वर्गाची नाहीत.
साहेबांनी चष्मा काढला. "परिणाम माहीत आहेत?"
"हो."
"लेखी द्या."
दिलं. अक्षर वळणदार आलं, याचंच नवल.
हे.मा. खिडकीशी पाठ करून उभे. नारळपाणी तसंच राहिलं.

२२ जाने., बुध.
जानकीबाई दारात आली. मला वाटलं, मासळी घेऊन. नाही. भांडायला.
"आता दुसरी बाई नाय मिलायची गावाला. आमची बेबी नाय गेली शालेत, पर धाकलीला घालणार होती मी. खरं बोलून काय मिलवलं तुमी?"
खरं बोलून काही मिळतं असं मी कधी वर्गात सांगितलं होतं का? बहुतेक हो. गोष्टींत शेवटी मिळतंच.
म्हटलं, "जानकीबाई, पट खरा भरायचा एकच रस्ता उरलाय. पोरी खरंच आल्या पाहिजेत."
"आनि बोंबील?"
"बोंबील कधी संपतात टांगून?"
"होडी लवकर लागली तर सूर्य माथ्यावर यायच्या आत."
"मग त्यानंतर पाठवा. मी थांबते."
फणकाऱ्याने गेली.

२७ जाने., सोम.
तीन दिवस रोज पहाटे किनाऱ्यावर. मीही टांगते आता जोड्या. पहिल्या दिवशी बोटं सोलली. टांगता टांगता पाढे. बायका म्हणतात, बाई येडी झाली. म्हणोत.
आज दुपारी बेबी आली. केसांत खवले. तिच्यामागे चौघी.
हे.मा.ना विचारलं, या पाच जणींसाठी शाळा साडेसहापर्यंत उघडी ठेवू? तपासणीनंतर पहिलं वाक्य बोलले: "किल्ली खिळ्यावर असते."

३ फेब्रु., सोम.
पंचवीस. सगळे खरे.
चौथीतल्या दामूने एकीच्या डब्यातला लाडू खाल्ला आणि स्वतः उठून सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं. लाडवाची मालकीण रडत होती आणि तो म्हणे, "बाई, मी धरू कान?" मी म्हटलं, आधी तिला विचार काय करायचं ते. तिने अर्धा पेरू मागितला त्याचा. मिटलं.
हे असलं पाठ्यपुस्तकात नाही. फळ्यावरचा सुविचार लिहिणं बंद केलंय.

८ फेब्रु., शनि.
कचेरीचं पत्र. बुधवारी पालघरला हजर राहून खुलासा. पट घेऊन. दुसऱ्या शिक्षकाच्या जागेचाही निर्णय त्याच दिवशी.
साहेब विचारणारच: कुणाच्या सांगण्यावरून?
हे.मा.कडे गेले. तोंडावर सांगितलं. "गुरुजी, हात माझा होता, ते आधी सांगीन. पण विचारलं तर तुमचं नाव लपवणार नाही. पाठीमागून नको म्हणून आज सांगते."
त्यांनी वर कौलांकडे पाहिलं.
"सांगा," म्हणाले. "मीही दमलोय, बाई."
बाहेर आल्यावर रडू आलं. का, कळलं नाही.

१२ फेब्रु., बुध.
पालघर. कचेरीच्या बाकावर बसून लिहितेय. शिपाई म्हणतो, थांबा.
पहाटे एस.टी.त जानकीबाई भेटली. टोपली नव्हती डोक्यावर.
"बाजाराला नाही का आज?"
"नाय. साहेबाला काय सांगनार तुमी?"
"जे आहे ते."
"मंग मी पन येते. पोर माझी हाय. आता येते शालेत ती, ते मीच सांगेन. तुमी सांगितलं तर म्हनतील, बाई पुना खोटं बोलते."
बरोबर आहे तिचं. माझ्या शब्दाला आज किंमत नाही, तिच्याला आहे.
धुवट लुगडं नेसलीय. साहेबाला काय म्हणायचं विचारते सारखी. म्हटलं, घरी बोलता तसंच बोला. म्हणाली, घरी तर मी शिव्या देते.
काल सत्तावीस मुलं होती. पुरतील की नाही, देव जाणे. पुरली नाहीत तरी आजची हजेरी चांगुणा पाटीवर घेणार आहे, हे.मा.नी तिलाच सांगितलंय.
शिपाई नाव पुकारतोय. जानकीबाई माझ्याआधी उठली.