भिंतीकडे तोंड केलेले डबे

प्रिय गौतमी,

पत्र बघून घाबरू नकोस, तुझी आजेसासू धडधाकट आहे. अक्षर वैष्णवीचं, आपल्या मागच्या खोलीत भाड्यानं राहते ना, लवळ्याच्या कॉलेजातली, तिचं. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. लिही म्हटलं, नातसुनेला वाटू दे, ती गेल्यापासूनच्या तीन आठवड्यांत म्हातारी सुधारली. फोनवर तू "बरी आहे, आजी" म्हणून ठेवून देतेस आणि मीही थट्टा करून सुटते, म्हणून हा उद्योग.

रविवारी संध्याकाळी तुझे आईवडील आले. भूगावला लग्नाला गेले होते, घोटावड्याला परतताना लेकीला बघून जाऊ म्हणाले. आल्या आल्या तुझ्या आईनं विचारलं, "गौतमी कुटं दिसत न्हाई?" तेव्हा मला कळलं, तू जांब्याला वेगळी खोली घेतलीस हे त्यांना सांगितलेलंच नाहीस. मी म्हटलं, "येईल की, बसा." खोटं नव्हतं. कधी येईल, ते कुठं मी सांगितलं होतं?

जेवल्याशिवाय सोडायचं नाही म्हणून किशोरला पिरंगुटला भाजीला पिटाळलं. धरण बघून परतणाऱ्या गाड्यांत तुझा नवरा असा अडकला, की फोन करून म्हणतो, "आजी, पुढच्या गाडीवाल्याशी माझी सोयरीक व्हायची वेळ आली." घरात चार कांदे, लसणाचा एक गड्डा, आणि फळीवर तुझे डबे. तू गेल्यापासून तुझा सासरा कैलास, किशोर आणि मी ओट्यावरच्या चार डब्यांतच भागवत होतो. त्या फळीला मी हात लावला नव्हता. माझे जुने पत्र्याचे डबे काढून तू सारखे स्टीलचे आणलेस, प्रत्येकावर कागद डकवलास, त्याच दुपारी मी कागदाकडे न बघताच एकेकाचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं होतं. वाचता येत नाही त्या बाईच्या डोळ्यांपुढं अक्षरं कशाला, असं मनात होतं.

आता गरज पडली तसा एक डबा खाली ओढला आणि त्याचं तोंड माझ्याकडे झालं. कागदावर हे एवढं मिशाळ सुकट काढलेलं, आणि त्याला माझ्यासारखा चष्मा! दुसरा फिरवला, साखर, तिच्यावर मुंगी. हुलग्याच्या पिठावर बैल. सगळे फिरवले गं मी. चित्र वर मोठं, अक्षरं खाली बारीक. ते चित्र कुणासाठी होतं, हे काही मला वैष्णवीला विचारावं लागलं नाही. ओट्याला धरून उभी राहिले जराशी. बाहेर तुझी आई कैलासला म्हणत होती, "आत्याबाईंना मदत करू का?" मी आतूनच ओरडले, "बसा हो, पाव्हण्या हायसा!" तशी तोंड दाखवायची सोय नव्हती माझी.

तुझे वडील माळकरी, म्हणजे चष्मेवालं सुकट बाद. हुलग्याचं पीठ पाच माणसांना पुरेना, त्यात ज्वारीचं घातलं. लसूण, जिरं, तिखट घालून घट्ट मळलं, तळव्यावर शेंगोळ्या वळल्या आणि उकळत्या रश्शात सोडल्या. तांदूळ तळाला गेलेले, पण कण्या होत्या. कण्यांचा भात केला. परसातल्या शेवग्याचा पाला ओरबाडून कांद्यावर परतला, शेंगदाण्याची चटणी कुटली. शेवटचं ताट वाढताना किशोर आला, हातात मान टाकलेली मेथीची जुडी. तुझे वडील, वाल्मीकराव, दोन घास खाऊन म्हणाले, "झ्याक झालंय. पण लेक अजून आली न्हाई."

मग मी पळी खाली ठेवली आणि सांगून टाकलं. लेक येणार नाही, माझ्या तोंडापायी गेली. "माझ्या घरात तुझ्या पाट्या नकोत, घोटावड्याला जाऊन बापाच्या दाराला लाव," असं मी तिला डबे फिरवले त्या दुपारी बोलले. वडील म्हणाले, "उद्या तिला घेऊन घोटावड्याला जातो. परत धाडायची न्हाई." कैलास, किशोर, दोघांच्या माना खाली. मी हात जोडले. म्हटलं, आठ दिवस द्या, मी तिच्याशी बोलते, मग ती म्हणेल तसं. त्यांनी ताट पुढं करून आणखी शेंगोळ्या मागितल्या. मला माफ केलं असं समजू नकोस, माणूस भुकेला होता.

त्या आठांतले तीन गेले. हे पत्र घेऊन किशोर तुझ्या दारात उभा असेल, पाठीवर बॅग असेल. तो तुला न्यायला आलेला नाही. बॅगेत त्याचेच कपडे आहेत, मीच भरली. तुझी खोली ऑफिसजवळ, नोकरी तुझी मोठी, त्यानंच तिथून आपल्या कामाला रोज जा-ये केली तर काही झिजत नाही. ठेवून घ्यायचा असला तर घे, नसला तर चहा पाजून परत लाव. इकडे यायचं की नाही ते तुझं तू ठरव, बापाच्या धाकानं नको आणि माझ्या आर्जवानंही नको. मी तुला बोलले ते वाईट बोलले. माझं चुकलं, गौतमी. मला माफ कर. वैष्णवी लिहायची थांबून माझ्याकडे बघायला लागली आहे. बघतेस काय, म्हटलं, लिही. खाली अंगठा उठवत नाही, तो मी जमिनीच्या कागदांना देते.

तुझीच, तोंडाळ
रत्नाबाई