ओंजळभर युरिया

आत्या, तुम्हाला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली, आणि सुनेनं सासूला पत्र लिहावं असं आपलं गूळपीठही कधी नव्हतं. तरी लिहितेय, कारण हे घरात कुणाला सांगता येत नाही. मोहोळच्या आपल्या विहिरीजवळच्या तुकड्यात मी अजून पालेभाजीच करते. पालक, मेथी, शेपू, सगळं रासायनिक खताची गोणी न आणता. दर रविवारी सोलापुरात विजापूर रोडला ठरलेल्या घरांत नेऊन देते. त्या बायका माझ्या शब्दावर भाजी घेतात, दुसरा कुठला कागद माझ्याकडं नाही.

लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवतं. माळशिरसकडच्या मेंढ्या तुम्ही चार दिवस रानात बसवल्या होत्या, त्यांच्या लेंड्या-मुताचं खत व्हावं म्हणून. मेंढ्या उठल्या आणि दुसऱ्याच दिवशी, तुम्हाला न विचारता, शाबासकीच्या आशेनं मी तिथं मेथी टाकली. कोंब आले तसे करपून गेले. तुम्ही बांधावर उभ्या आहात, पदर कमरेला खोचलेला, आणि शेजारणीदेखत मला म्हणताय, "तव्यावरची भाकरी तशीच तोंडात घालतीस व्हय? जमिनीला बी तोंड हाय की. दोन पाणी दे, गप बस, मग पेर." मला फार राग आला होता. खत कसं घालायचं ते मी पुढं शिकले, गप कसं बसायचं ते मात्र राहून गेलं.

आता मेंढ्या येत नाहीत. जिकडंतिकडं ऊस, त्यांनी बसायचं कुठं? शेणखत आहे, पण थंडीत ते लागू पडायला वेळ लागतो. यंदा पालक खालच्या पानांपासून पिवळा पडत गेला. शेण-गोमूत्राचं जीवामृत सोडलं, पेंड घातली, खुरपून खुरपून कंबरेचा काटा ढिला झाला. मोबाइलच्या ग्रुपवर एकीनं फोटो टाकला, भाजी अशी आजाऱ्यासारखी का म्हणून. दोन घरांनी भाजी बंद केली. मी थकले होते, आत्या. शेजारच्या उसातला ओंजळभर युरिया मागून आणला आणि एका वाफ्याच्या पाण्यात सोडला. आठवड्यात पानांवर अशी हिरवी काळोखी आली की रविवारी सगळ्या खूश. खरी सेंद्रिय भाजी अशीच दिसते, असंही एक बाई म्हणाल्या. एका तरुण आईनं तेवढं विचारलं, बाळाला पहिल्यांदाच पालक देणार आहे, यात काही घातलं नाही ना?

"नाही हो," मी म्हणाले, "बिनघोर द्या."

ती जुडी घेऊन गेली. तिला खरं सांगायचं असं रोज सकाळी ठरवते आणि मोटर चालू केली की कामाला लागते. सांगितलं तर उरलेली घरंही जातील, याची भीती वाटते. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. त्याच रविवारी दुपारी माझी नात जेवायला आली होती. तिला पालक आवडतो. तिच्यासाठी मी पलीकडच्या वाफ्यातला पिवळा पालक खुडला.