तुमच्या दारात येण्याआधी

नांदेड, रविवार

प्रिय सृष्टे,

पत्र बघून दचकू नकोस. फोन असताना ही बया कागद कशाला खरडून राहिली, असं वाटलं असेल तुला. पण फोनवर तू मला हसवत बसतेस आणि मुद्द्याचं राहूनच जातं. शिवाय तुमच्या घरी फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय कुणाला ऐकू येत नाही. हे एकटीनं वाच. आईनं केवळाकाकूंना जयभीम सांगितलाय, तेवढा मात्र पोचव.

माझं छान चाललंय, असं मी सगळ्यांना सांगते. चार दिवस वकिलांच्या फर्ममध्ये शिकाऊ म्हणून काम, दोन दिवस कॉलेज, तीन वर्षांनी हातात पदवी. फी फर्म भरते, वर दर महिन्याला विद्यावेतन. पप्पांना पहिल्या दिवसापासून संशय होता. रेल्वेत खलाशी म्हणून त्यांचा जन्म गेला, फुकट शिकवणारा माणूस त्यांनी अजून बघितलेला नाही. मी घरी आले की त्यांचं रोज एकच, काय काम करून घेतेत गं तुझ्याकडून? मी चिडायचे. मुंबई-हैदराबादला ऑफिसं असलेली एवढी मोठी फर्म, नांदेडला शाखा काढली, आमच्यासारख्या पोरांना घेतलं, तर त्यात वाईट काय? आता तोच प्रश्न मी मलाच विचारून राहिले.

सुरुवातीला मी आणि धर्माबादचा शिवम, दोघंच शिकाऊ. एसीत कुडकुडत करारांचे मसुदे ताडून बघायचो. कामात तो माझ्यापेक्षा लई हुशार. पण सोलर कंपनीसाठी जमिनी भाड्यानं घ्यायचं काम आलं आणि आमच्या शाखेच्या वकील सरांनी गाडीत मला बसवलं, शिवम ऑफिसातच राहिला. मला वाटलं, आपलं नशीब उघडलं. तर तो म्हणतो, तुला डोक्यासाठी न्हाई, तोंडासाठी नेतेत. जळतोय मेला, असं म्हणून मी त्याच्याशी बोलणंच सोडलं.

खरं सांगू, मजाही यायची. कंधारकडच्या गावांत सर त्यांचं ते अर्धं इंग्रजी मराठी बोलायला लागले की माणसं नुसती टकमक बघायची. मग सर म्हणायचे, लुंबिनी, तू सांग. मी सतरंजीवर मांडी घालून सांगायचे. भाडं एवढं, वर्षं एवढी, सातबारा तुमच्याच नावावर. माणसं मोकळी व्हायची, चहा यायचा, कुणाची गं तू म्हणून चौकशी व्हायची. आणि सह्या व्हायच्या.

करारातला एक भाग मात्र मी सांगायचा नाही, अशी मला सूचना आहे. का, असं विचारलं तर सर हसले. म्हणाले, ते वकिली आहे, त्यांचा उगाच गोंधळ होईल. मला तर एका वाचनात कळला होता गं तो. आणखी एक. मी बोलायला लागले की सर फोन कानाला लावून बाहेर जाऊन उभे राहतात, दर वेळी. म्हणजे उद्या कुणी विचारलं, हे असं सांगितलं कोणी, तर त्या शिकाऊ पोरीनं. तू म्हणशील, लुंबेला आता संशयाचं वारं लागलं. लागू दे.

गेल्या महिन्यात साखराबाई नावाच्या आजींनी माझा हात धरला. म्हणाल्या, मला वाचता येत न्हाई, पर तू आपली हाईस, तू म्हन्तीस तर लावते अंगठा. मी म्हटलं, हाव आजी. परतताना गाडीत मी काच खाली करून तोंड बाहेर काढून बसले. गाडी लागली असेल म्हणून सरांनी आवळा सुपारी दिली. तेव्हापासून मला सगळ्यांचाच संशय येतो. सरांचा, फर्मचा, माझ्या वाढदिवसाला त्यांनी कापलेल्या केकचा. सगळ्यात जास्त माझ्या गोड बोलण्याचा.

या नाही, पुढच्या मंगळवारी आम्ही तुमच्या गावात येतोय, तुमच्याच शेतासाठी, तुझ्या बापाची, भुजंगकाकांची सही घ्यायला. बारावीला लातूरला मी तुझ्या खोलीत राहिले, काकूंच्या डब्यावर जगले, हे सरांना कुठून कळलं देव जाणे. म्हणाले, मग तर काम सोपंच. काल काकांचाही फोन आला होता. पोरी, तू येतीस म्हणल्यावर त्यात वाचायचं काय, असं म्हणाले. मी नुसतं हो काका म्हणून फोन ठेवला.

करारात काय आहे ते मी लिहू शकत नाही. पक्षकाराचं बाहेर बोलणार नाही, अशी सही केलीय मी. मोडली तर फी गेली, पदवी गेली, आणि पप्पांना तोंड कसं दाखवू? तिथं बसल्यावर आपण होऊन बोलायचं धाडस होईल, असा माझाच माझ्यावर भरवसा नाही. म्हणून हे पत्र. तू एवढंच कर. माझं बोलून झालं, काकांनी पेन हातात घेतला, की सगळ्यांच्या देखत मला विचार, लुंबे, ही जमीन तुझ्या बापाची असती तर तू त्याला सही करू दिली असतीस का? सर हसतील, काकू तुला गप करतील. तू गप बसू नकोस. आमच्याकडं वीतभर जमीन कधी नव्हती, हे तुला माहीत आहे, तरी असंच विचार. तुझ्या तोंडावर मला खोटं बोलता येत नाही.

तुझीच,
लुंबे