बसून जेवायचं

४ मार्च, सोमवार

घेरी आली. गाडी चालवताना. शाळेजवळचं वळण घेतलं आणि समोरचा रस्ता पांढरा पडायला लागला. कशीबशी बस थांब्याला लावली, हँडब्रेक ओढला, दार उघडलं – पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा एक बाई मला वहीने वारा घालत होत्या आणि मागून कुणीतरी विचारत होतं, 'गाडी पुढे जाणार की नाही?'

आता दवाखान्यात पडलेय. एकच विचार डोक्यात. गाडी माणसांनी भरलेली होती. हेच ऐन वळणावर झालं असतं तर?

५ मार्च, मंगळवार

घशातून दुर्बीण घातली. डॉक्टरीणबाई वयाने माझ्याहून बऱ्याच लहान, पण बोलणं एकदम सरळ. 'जठरात जखम आहे. त्यातून थोडं थोडं रक्त जातंय. शौचाला काळं होत होतं का?'

होत होतं. खाण्यात काहीतरी आलं असेल म्हणून सोडून दिलं होतं.

'रिकाम्या पोटी काय घेता?'

चहा. आणि पाठीची गोळी. एक पहाटे ड्यूटीवर निघताना, एक दुपारी. दोन्ही वेळा पोटात दुसरं काही नसायचं. पाठ धरायला लागली तेव्हापासून हेच चाललंय.

त्यांनी पेन खाली ठेवलं. 'अशी जखम करणारा एक जंतू असतो, त्याची तपासणी केली, तो निघाला नाही. ही कामगिरी त्या गोळ्यांची. आजपासून बंद.'

मग पाठीचं काय करू? 'पाठीचं बघू नंतर. आधी रक्त थांबू दे.'

७ मार्च, गुरुवार

घरी सोडलं. न्यायला सासरे आले होते. रिक्षात दोघं दोन बाजूंना तोंडं करून बसलो.

आमचं हे असंच. त्यांचा मुलगा – म्हणजे माझा नवरा, कागदावर अजून आहे – दुसरीबरोबर दुसऱ्या गावी राहायला गेला, आणि ह्या घरात आम्ही दोघं उरलो. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. 'तू जा' असं सासरे कधी म्हणाले नाहीत. 'राहा' असंही नाही. मी पहाटे निघते, संध्याकाळी येते. ते ओट्यापाशी उभ्याउभ्या पाव खातात. मीही तेच करते, फक्त वेळ वेगळी. एका घरात राहून आम्ही शेवटचं एकत्र कधी जेवलो होतो, आठवत नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या समोरच मला सगळं बजावलं. 'वेळेवर खा. एकदम पोटभर नको, थोडं थोडं. बसून, चावून. जेवल्याबरोबर आडव्या होऊ नका. पाणी प्या.' मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, बाई, एकदा माझ्या गाडीवर या. दिवसभराच्या मार्गावर बाईमाणसाने जायचं कुठे? म्हणून तर मी घोटभर पाण्यावर दिवस काढते.

दवाखान्यातून निघताना सासऱ्यांनी विचारलं, 'तिखट चालेल का?' डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'तिखटाने ही जखम होत नाही. पण खाऊन जळजळलं तर सध्या नको.'

८ मार्च, शुक्रवार

सकाळी उठले तर टेबलावर भात. मऊ, जवळजवळ पेज. शेजारी उकडलेला बटाटा, सालासकट. दोन ताटं. सासरे खुर्चीत ताठ बसलेले.

'बस,' म्हणाले.

मीठ नव्हतं. दोघांनीही तसंच खाल्लं.

११ मार्च, सोमवार

पाठ. गोळी नाही म्हटल्यावर ती चारी बाजूंनी बोलायला लागलीय. दुपारी फडताळ उघडून जुनं पाकीट शोधलं. नव्हतं. मागून आवाज – 'मी टाकून दिलं.'

राग आला. म्हटलं, 'दुखणं माझं आहे.'

'माहीत आहे. खाली चटई घाल.'

सासरे शाळेत व्यायामशिक्षक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाजातली शिट्टी तशीच आहे. मला पाठीवर झोपवलं, गुडघे वाकवायला लावले, कंबर हळूच वर. 'श्वास धरू नकोस. घाई कसली? बस सुटतेय का?' हसू आलं, आणि हसल्यावर आणखी दुखलं.

१२ मार्च, मंगळवार

व्यायाम. भात. आज मीठ दोनदा पडलं.

१६ मार्च, शनिवार

दुधावरून वाद. त्यांच्या मते पोटाला थंड दूध म्हणजे रामबाण, दिवसातून तीनदा. तपासणीला गेलो तेव्हा त्यांनीच विषय काढला, मोठ्या खात्रीने. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'प्यायला हरकत नाही आजोबा, पण ते औषध नव्हे. थोडा वेळ बरं वाटतं, इतकंच. औषध म्हणजे मी दिलेली गोळीच, सकाळी खाण्याआधी.' घरी येईपर्यंत चेहरा पाडून होते. मग स्वतःच ते दूध पिऊन टाकलं.

दवाखान्यात सासऱ्यांनी पाठीचे व्यायामही दाखवले. डॉक्टरीणबाईंनी एक सोडून बाकीचे चालू ठेवायला सांगितले. एक गाळावा लागला म्हणून पुन्हा चेहरा पडला.

रक्त वाढतंय म्हणे. पण गाडीवर इतक्यात नाही.

२५ मार्च, सोमवार

डेपोत जाऊन आले. ड्यूट्या लावणारे साहेब म्हणाले, 'गेटवर बसा. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघा. आरामाचं काम आहे.'

कधीपर्यंत?

'तशी घाई काय आहे?'

म्हणजे कायमचं. बायका गाडी चालवायला लागल्या तेव्हा पहिल्या तुकडीत मी होते. स्टेअरिंग हातात आलं की माझ्या अंगात दुसरीच कुणीतरी येते – शांत, नीट, कुणाला न घाबरणारी. तिला गेटवर कशी बसवू?

घरी काही सांगितलं नाही. पण ताटात घास तसाच राहिला, आणि सासऱ्यांनी विचारलं. मग सगळं बोलून गेले. इतकं सलग मी त्यांच्याशी कधी बोललेच नव्हते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'आधी जेव. भांडायला ताकद लागते.'

३ एप्रिल, बुधवार

भोपळ्याचं सूप जमलं. खरंच जमलं. ते शेजारणीकडे जाऊन विचारून आले होते, आणि मला कळू नये म्हणून मागच्या दाराने आले. मागच्या दाराशीच मी कपडे वाळत घालत होते.

चहा आता खाऊन झाल्यावर, एकच कप, फिक्का. डोकं दुखेल वाटलं होतं. दोन दिवस दुखलं, मग गप्प झालं.

संध्याकाळी जेवून लगेच पडायचं नाही, म्हणून दोघं गल्लीच्या टोकापर्यंत चालून येतो. सुरुवातीला ते पुढे, मी मागे. आज बरोबर चाललो.

१५ एप्रिल, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं – गाडी चालवायला हरकत नाही, मात्र जेवणाची वेळ पाळली पाहिजे. तो कागद घेऊन थेट साहेबांच्या टेबलाशी.

म्हटलं, 'दुपारच्या दोन फेऱ्यांमध्ये मला जेवायला वेळ हवा. आत्ता शेवटच्या थांब्यावर पोचले की लगेच गाडी फिरवायची असते. आणि तिथलं स्वच्छतागृह कुलपात आहे, ते उघडून हवं.'

'तुम्हाला दिलं की उद्या सगळे मागतील.'

'मागू देत. पोटं सगळ्यांना आहेत.'

काय वाटलं कोण जाणे, साहेबांनी खण ओढला. आत पोटाच्या औषधाची गुलाबी बाटली, अर्धी रिकामी. झाकणाला धरून ती हलवत म्हणाले, 'मीही हिच्यावरच आहे. सकाळपासून काही खाल्लेलं नाही.'

'डॉक्टरांना दाखवलंत?'

'वेळ कुठे आहे?'

आम्ही दोघंही हसलो. निघताना म्हणाले, 'वेळापत्रक बघतो. महिनाभर करून पाहू.'

२२ एप्रिल, सोमवार

पुन्हा गाडीवर.

पहाटे निघताना सासऱ्यांनी हातात डबा दिला. भात, मऊ भाजी, केळं वेगळं. पाण्याची बाटली. 'संपवून आण,' म्हणाले, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं.

शाळेजवळचं वळण आलं तेव्हा स्टेअरिंग जरा जास्तच घट्ट धरलं. गाडी अलगद वळली. मागे कुणाला काही कळलंसुद्धा नाही. मला कळलं.

दुपारी शेवटच्या थांब्यावर झाडाखालच्या कट्ट्यावर बसून जेवले. इतकी वर्षं तिथे गाडी लावतेय, पण त्या झाडावर पोपट असतात हे आज समजलं.

२ मे, गुरुवार

कट्ट्यावर आता आम्ही चौघं असतो. दुसऱ्या मार्गांच्या गाड्यांनाही तेवढी उसंत दिली साहेबांनी. एका चालकाने पहिल्याच दिवशी जेवून तंबाखू मळायला घेतली. मी म्हटलं, 'ती तिकडे लांब जाऊन.' तो लांब गेला, एकट्याला करमेना, परत आला. आज मळली नाही. उद्याचं सांगता येत नाही.

बाबांना हे सांगितलं तर खूश झाले. बाबा म्हटलं ना मी? सासऱ्यांना तोंडावर म्हटलं आज. लग्न नवं होतं तेव्हा मी म्हणायचे, मग बंद झालं होतं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मला आणखी भात वाढला.

१४ मे, मंगळवार

दुर्बीण पुन्हा. जखम भरली. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं – गुलाबी, स्वच्छ, जिथे खड्डा होता तिथे फिकट खूण. 'छान सांभाळलंत. पण त्या गोळ्यांच्या वाटेला पुन्हा जायचं नाही. काहीही दुखलं तर आधी मला विचारायचं.'

बाबा खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले आणि बराच वेळ बघत राहिले. माझ्या पोटाचा फोटो असा कुणी इतक्या कौतुकाने बघेल असं वाटलं नव्हतं.

१८ मे, शनिवार

त्यांच्या मुलाचा फोन. बाबांना कायमचं न्यायला येतोय. 'तुम्ही तिथे कुणाच्या घरात राहताय, कळतं का? नातं तरी काय उरलंय?' आवाज एवढा मोठा की मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. घर खरं तर बाबांचंच. पण मला समजलं त्याला काय म्हणायचंय ते.

बाबा फक्त 'हं, हं' म्हणत होते.

रात्री जेवलो. चालायला गेलो. 'काय करू?' असं त्यांनी विचारलं असतं तर बोलले असते. त्यांनी विचारलं नाही. आणि मी कोण अडवणारी? सख्खा मुलगा आहे.

२० मे, सोमवार

गेले. मी ड्यूटीवर असताना. ओट्यावर सूप झाकून ठेवलेलं, भात कुकरमध्ये. कपाटातला त्यांचा खण रिकामा.

ओट्यापाशी उभी राहून झाकण काढलं. मग ताट घेतलं, टेबलाशी जाऊन बसले. सावकाश, चावून, सगळं संपवलं. रडूही मध्येच आलं, पण घास सोडला नाही.

२४ मे, शुक्रवार

पहाटे स्वतः उठून डबा करतेय. पाठीचे व्यायाम चालू आहेत. स्वतःलाच दरडावते – श्वास धरू नकोस. भाजीत त्यांच्यासारखंच कधी मीठ घालायचं राहतं. कट्ट्यावरच्यांना ते कळतं, आणि कुणीतरी न बोलता आपल्या डब्यातलं पुढे करतं.

संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येते. पोट शांत आहे. घर जरा जास्तच शांत आहे.

२७ मे, सोमवार

पहिली फेरी. लांबच्या गाड्या येतात त्या स्थानकासमोर दार उघडलं. आधी बॅग आत आली, मग बाबा. माझ्या मागचा दांडा धरून उभे राहिले.

गाडी दोन थांबे पुढे गेल्यावर मी विचारलं, 'किती दिवसांसाठी आलात?'

म्हणाले, 'समोर बघून गाडी चालव. घरी चाललोय मी.'