दारुणक आणि वकिलांचा काळा कोट

मंगळवार, ११ फेब्रुवारी, सकाळचे पावणेसात. डोक्यावर खसखशीचा लेप, खांद्यावर टॉवेल, ओट्याशी उभ्याने लिहीत आहे. (बसलो की मान वाकते आणि लेप भुवयांवर उतरतो.)

ती. आत्यास,

आधी तुझ्या गुडघ्यांना नमस्कार, कारण काळजी त्यांचीच जास्त; मग तुला. काकांचा खोकला बसला असेल असे धरून चालतो.

मुद्दा असा, की मी डोके भादरणार नाही. गेल्या आठवड्यात वकीलसाहेब काळ्या कोटाच्या पहिल्या ट्रायलला आमच्या दुकानात आले, तेव्हा कोटाच्या खांद्यावर पांढरे कण निघाले. कोट मी बेतला होता. मालक सगळ्यांदेखत म्हणाले, "कोट बेततोस की पीठ चाळतोस? डोकं भादरून ये, नाहीतर मागे बस काजबटणं करत." आत्या, काजबटणांत डोळे फोडून आत्ता कुठे माझ्या हाती कात्री आली आहे. मी म्हणालो, "मालक, कात्री दुकानाची, केस माझे. इलाज करीन, भादरणार नाही." त्यांनी दुसऱ्या ट्रायलपर्यंत मुदत दिली. ती आज संपते.

तू सांगितलेल्या वैद्यबाईंकडे गेलो. त्यांनी खिडकीशी नेऊन माझे डोके खरबुजासारखे फिरवून पाहिले आणि म्हणाल्या, हे दारुणक. वात आणि कफ बिघडले की टाळू रुक्ष होते, खाजते, तिचा भुसा पडतो. मला फार बरे वाटले. मालकांच्या लेखी जी घाण, तिला शास्त्रात एवढे भारदस्त नाव! रात्रीचे दही बंद, डोक्यावर कढत पाणी बंद, कडुनिंबाचे तेल, त्रिफळ्याच्या काढ्याने धुणे आणि दुधात वाटलेल्या खसखशीचा लेप. लेप सुकायच्या आत धुवायचा होता. मी मात्र काम पक्के व्हावे म्हणून पहिल्या दिवशी तो खडखडीत सुकवला, आणि दिवसभर माझ्या डोक्यातून खसखस गळत राहिली. मालक म्हणाले, "वा! आता दाणेदार पडतोय." गिऱ्हाइके हसली. मी हसलो नाही.

आता खाज गेली, टाळू मऊ झाली, तरी कापडावर पांढरे पडतेच. पडो. मी आज केसांसकट आणि मान ताठ ठेवून जाणार. लेप आवळू लागला, धुतो.

तुझा आज्ञाधारक (केसांचा विषय सोडून) भाचा

ता. क. (संध्याकाळी) जाताना वैद्यबाईंकडे डोकावलो. त्यांनी माझ्या खांद्यावरचे पांढरे चिमटीत चोळले आणि विचारले, "अरे, कोंडा केव्हाच गेला. हा कापडावर खुणा करायचा खडू आहे. ठेवतोस कुठे?" कानावर, दुसरीकडे कुठे? मालकांनीच तसे शिकवले, तेही तिथेच ठेवतात. वाकले की तो कानाला घासून खांद्यावर झडतो.

ता. क. २. ट्रायलला वकीलसाहेब मालकांच्या काळ्या जाकिटाकडे बघत म्हणाले, "मालक, तुम्हालाही कोंडा?" मालकांचे खांदे पांढरेफटक होते. मालकांच्या डोक्यावर, तुला ठाऊक आहे, एकही केस नाही. मालकांनी टकलावरून हात फिरवला. मी नम्रपणे म्हणालो, "दारुणक आहे, मालक. इलाज आहे." मालकांनी इलाज विचारून घेतला आणि कात्री माझ्याच हाती राहिली.

ता. क. ३. खरे काम हे, की वैद्यबाई तुझ्या मैत्रीण आहेत. खडूबद्दल कुठे बोलू नका म्हणावे. उद्या सकाळी मालकांच्या डोक्यावर खसखस मी स्वतः थापणार आहे, आणि खडखडीत सुकेपर्यंत धुऊ देणार नाही.