अप्पांचे डोळे तेवढे राहिलेत

२ जानेवारी, सकाळी
नवीन वर्ष, नवीन वही. काल सुरू करणार होतो, पण पहिल्या दिवशी मूड नव्हता.
संकल्प एकच, पण पक्का. यंदा प्रोफेशनल व्हायचं. ऑर्डर घेतली की तारीख द्यायची, तारीख दिली की काम द्यायचं. क्लायंटला 'बघू' म्हणायचं नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवरची नावं, नंबर प्लेटा, दुकानांचे बोर्ड कायमचे बंद. अंगद आर्ट्स म्हणजे फक्त पोर्ट्रेट. अख्ख्या वडवणीत हाताने पोर्ट्रेट करणारा दुसरा कोण आहे?
बायकोला, म्हणजे बबिताला, हे सांगितलं. ती दुकानातच शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत होती. मान वर न करता म्हणाली, ट्रॉलीवाला बाहेर कवाचा थांबलाय.
तेवढी एक ट्रॉली केली. शेवटची.

४ जानेवारी
चकलांब्याला जाऊन सुग्रीवमामांचं पोर्ट्रेट पोचतं केलं. मामा मेंढरंवाले, मोठा कळप. ऑर्डर त्यांच्या मुलाने दिली होती, तिला जरा दिवस झाले. मुलाला मधल्या काळात दोन लेकरं झाली. असो. चांगल्या कामाला वेळ लागतो.
डोळे तिथेच अंगणात काढले, मामांना समोर बसवून. माझी पद्धतच आहे ती. बाकी सगळं चित्र आधी, डोळे सगळ्यात शेवटी, घरच्या माणसांदेखत. मामा चित्राकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, आता जायला हरकत न्हाई.
मेंढरं चारायला न्यायची होती बहुतेक.

९ जानेवारी
सुग्रीवमामा वारले. फार वाईट वाटलं.
पण पोर्ट्रेट वेळेत झालं, हेही खरं. असं टायमिंग किती आर्टिस्टांना जमतं?

१२ जानेवारी
मोठी ऑर्डर. किराणा दुकानवाले वैजिनाथ अप्पा. पाडव्याला त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, त्यासाठी पुरुषभर उंचीचं ऑइल पोर्ट्रेट. ऑर्डर द्यायला धाकटे चिरंजीव रविशेठ बीडहून गाडी घेऊन स्वतः आले. तिकडे त्यांचा प्लॉटिंगचा धंदा आहे.
घरात अप्पांचा धड असा एकच फोटो. तोही मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा, काळा चष्मा लावलेला. मी म्हणालो, चालणार नाही, अप्पांना समोर बसावं लागेल. रविशेठ लगेच हो म्हणाले. मग त्यांनी विचारलं, डोळे कधी काढणार?
टेक्निकबद्दल विचारणारा क्लायंट आयुष्यात पहिल्यांदा भेटला. खूश होऊन महाशिवरात्रीची तारीख देऊन टाकली. पाडव्याच्या महिनाभर आधी! याला म्हणतात प्रोफेशनल.

१६ जानेवारी
अप्पांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत पहिली बैठक. अप्पा पांढऱ्या टोपीत, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पोत्याला टेकून बसले होते. मॉडेल रिलॅक्स राहावं म्हणून मी सतत बोलत होतो. माझं बालपण, आर्ट टीचरचा कोर्स का सोडला, मला कसं डावललं गेलं. अप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं. मध्ये थोडे घोरलेही. भस्माचे पट्टे झकास आलेत.
दुकान कावेरीवहिनी बघतात. अप्पांच्या थोरल्या मुलाची ही बायको. तो गेल्यावर अप्पांनी तिला माहेरी न धाडता गल्ल्यावर बसवलं. चहा द्यायला आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, काम सावकाश केलं तर चालंल का?
मी म्हणालो, कला घाईने होतच नाही. त्यांनी हात जोडले.
काम लांबलं म्हणून आजवर लोकांनी मला बरंच काही केलंय, हात कुणी जोडले नव्हते. बाईला कला कळते.

२५ जानेवारी
मधल्या दिवसांत बैठक झाली नाही. एक दिवस ढगाळ होतं, एक दिवस लाईट नव्हती, एक दिवस मी तयार होतो पण मन तयार नव्हतं. एका मित्राची ट्रॉली केली. मित्राच्या ट्रॉलीला ट्रॉली धरत नाही.
उद्यापासून रोज.

२९ जानेवारी
बबिता गिरणीवरून बातमी घेऊन आली. बायका म्हणतात, अंगद पेंटरनं डोळे काढले की माणूस जातंय. सुग्रीवमामा गेले. त्यांच्याआधी भिवराबाई, डोळे काढून चौथ्या दिवशी. त्यांच्याआधी ते पीटीचे रिटायर्ड सर.
अंगावर सर्रकन काटा आला. हे माझ्या लक्षात कसं नाही आलं?
बबिता म्हणाली, आलंय मोठं. म्हातारी माणसं हायती ती, तुमी एकेका चित्राला दोन-दोन वर्षं लावता, त्यांनी जीव धरून बसावं तरी किती?
तिच्याशी वाद घातला नाही. मूर्तीत डोळे काढले की देव येतो. मी डोळे काढले की माणसातून जीव निघून चित्रात येत असणार. हे सगळ्यांना जमत नाही. जेवताना एक भाकरी जास्त गेली.

४ फेब्रुवारी
हातातल्या दोन ऑर्डरी कॅन्सल. स्टँडसमोर एक आजोबा मला बघून रस्ता ओलांडून पलीकडे गेले. हॉटेलात चहा प्यायला बसलो तर बाकावरची माणसं एकेक करून उठली. ऐसपैस बसायला मिळालं. नाव होणं म्हणतात ते हेच.
दुपारी सटवा नावाचा एक माणूस आला. नजर सारखी दाराकडे. चुलत्याचा फोटो दाखवून म्हणाला, डोळ्यांसकट पायजे आन लवकर पायजे. मी नियम सांगितला, फोटोवरून डोळे काढत नाही, माणूस समोर बसावा लागतो. त्याने विचार केला आणि म्हणाला, काही निमित्त करून आणून बसवला तर?
मी 'बघू' म्हणालो. संकल्प मोडला. पण त्याच्याकडे बघून दुसरं काही सुचेना.

८ फेब्रुवारी
रविशेठ हल्ली बीडहून वरचेवर येतात. माझ्या दुकानात येतात, स्टुलावर बसतात आणि काही न बोलता कॅनव्हासकडे बघतात. आज त्यांनी मोबाईलवर एक नकाशा दाखवला. दुकान आणि मागचं घर पाडून तिथे कॉम्प्लेक्स बांधायचंय. खाली गाळे, वर हॉल. वहिनींचं स्वयंपाकघर आहे तिथे पार्किंग. मी ड्रॉइंगचं कौतुक केलं, पर्स्पेक्टिव्ह चांगला होता. अप्पांचं मत विचारलं, तर म्हणाले, अप्पा हायत तवर त्यांना कशापायी तरास द्यायचा?
जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. शिवरात्र विसरू नगा, म्हणाले. प्रेमाने म्हणाले, पण हात जड होता. ते गेल्यावरही खांदा तसाच खाली राहिला.

१० फेब्रुवारी
बाजाराच्या गर्दीतून कावेरीवहिनी माझ्या दुकानात आल्या. पदराने तोंड झाकलेलं. आत आल्यावरच पदर काढला.
म्हणाल्या, अप्पा हायत म्हणून मी त्या घरात हाय. ते गेले त्याच दिवशी रवि मला बाहेर काढंल. डोळे ऱ्हाऊ द्या, भाऊ.
मला भरून आलं. मी उभा राहिलो आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, मी डोळे काढत नाही तोवर अप्पांना काही होत नाही. हा अंगद आर्टिस्टचा शब्द. वहिनी रडल्या. बबिता मशीन थांबवून माझ्याकडे बघत होती. तिलाही अभिमान वाटला असावा.
आता एकाच घरचे दोन क्लायंट. एकाला डोळे हवेत, एकाला नकोत. हँडल करतो. इथेच खरा प्रोफेशनल कळतो.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र
डोळे काढले नाहीत. अर्थात वहिनींसाठी.
रविशेठना सांगितलं, ऑइल वाळायला वेळ लागतो. ते म्हणाले, पाडवा. त्याच्या म्होरं न्हाई. आज त्यांनी खांद्यावर हात ठेवला नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं. वाईट म्हणजे, भीती नाही.

२२ फेब्रुवारी
वेळ आलीच तर हात तयार असावा म्हणून रफ कागदावर डोळ्यांची प्रॅक्टिस. पहिला डोळा बकरीचा आला. दुसरा बरा होता, पण पहिल्याकडे बघत होता. कागद हलका लागला. भिवराबाईंचे डोळे मिटल्यासारखेच असायचे आणि सुग्रीवमामांच्या डोळ्यांवर पटक्याची सावली होती, त्यामुळे तेव्हा काही अडलं नाही. चांगला कागद बीडहूनच आणायला हवा.

५ मार्च, दुपारी
वहिनींचा फोन. अप्पांना रात्रीपासून धाप लागलीय. इथले डॉक्टर म्हणतात, आजच्या आज बीडला न्या. अप्पा म्हणतात, कुठं न्हाई जायचं. रविशेठ फोन उचलत नाहीत. वहिनींनी विचारलं, भाऊ, डोळे काढले तर न्हाईत ना?
मी म्हणालो, छे, डोळ्यांची जागा कोरी आहे. तुम्ही निश्चिंत राहा. अप्पांना आराम पडू द्या, उगाच गाडीत हिंदकळत कशाला नेता?
खात्रीसाठी कॅनव्हासचा फोटो काढून पाठवला. त्यांच्याकडून जोडलेल्या हातांचं चित्र आलं. समाधान वाटलं. अशी गॅरंटी कुठला डॉक्टर देतो?

६ मार्च
अप्पांना बीडला का नेलं न्हाई, असं बबिताने विचारलं. मी नीट समजावून सांगितलं. तिने मशीन बंद केली. मग खुंटीवरची गाडीची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, जा. त्या बाईला सांगा तुमच्यात काई न्हाई म्हणून. आत्ता जा.
भाषा मला आवडली नाही. पण जाणार आहे. उद्या सकाळी पहिलं काम तेच.

७ मार्च
सकाळी टायर पंक्चर निघाला. पोचलो तेव्हा दुकानाचं शटर खाली होतं आणि रस्त्यावर माणसं उकिडवी बसलेली. अप्पा पहाटे गेले.
त्यांच्यातल्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून सजवलं होतं. भस्म, हार. डोळे मिटलेले. समाधीला नेताना रविशेठ पुढे होते. त्यांनी माझ्याकडे बघून हलकीच मान हलवली, काम पोचल्याची पावती द्यावी तशी. मी घाईघाईने सांगितलं की मी डोळे काढलेच नाहीत. बाजूची चार माणसं सरकून उभी राहिली.
दुकानात येऊन कॅनव्हाससमोर बसलो. कुठे चुकलं? डोळे नाहीत. पापण्या नाहीत. मग लक्षात आलं, भुवया काढल्या होत्या. भुवयांचा विचार मी केलाच नव्हता.
बबिताला हे बोललो नाही.

१३ मार्च
रविशेठना फोन केला. म्हणाले, पोर्ट्रेट नको. बीडहून फ्लेक्स करून आणला, तासाभरात दिला. स्टँडवर लागलाय तोच. काळ्या चष्म्यातले अप्पा, बाजूला रविशेठ हात जोडून.
ऑर्डर कॅन्सल. कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवला. दुकानात वावरताना उगाच अडथळा होतो.

१९ मार्च, पाडवा
सकाळी कावेरीवहिनी आल्या. एक बॅग, एक पिशवी. गेवराईच्या गाडीने माहेरी निघाल्या होत्या, चकलांब्याला. घरासमोर कालच जेसीबी येऊन उभा राहिलाय. रविशेठनी सण तेवढा करून जा म्हटलं होतं, पण त्यांनाच थांबावंसं वाटलं नाही.
मला वाटलं शिव्या देतील. शिव्यांची तयारी मी केली होती. काय उत्तर द्यायचं तेही ठरवलं होतं.
त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "तुमी म्हणलता, डोळे ऱ्हायलेत तवर अप्पा हायत. डॉक्टर गाडी बोलवतो म्हणत होते. मीच नगं म्हणले."
मी भुवयांचं सांगणार होतो. बबिता मध्ये आली आणि त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. तोंड उघडाल तर बघा, असं ती मला डोळ्यांनीच म्हणाली.
पाणी पिऊन वहिनींनी विचारलं, चित्र हाय का? मी कॅनव्हास फिरवला. टोपी, भस्माचे पट्टे, भुवया आणि त्यांच्याखाली डोळ्यांची जागा गुळगुळीत. त्या बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आता काढा की. आता कशाचं भ्या हाय? मी घिऊन जाते संगं."
नाही म्हणायला काही राहिलं नव्हतं. गाडीला वेळ होता, ऊन स्वच्छ होतं. वहिनी स्टुलावर बसल्या. मी रंग काढला, ब्रश पुसला, कॅनव्हाससमोर उभा राहिलो.
किती वेळ उभा होतो कोण जाणे. अप्पांच्या समोर एवढ्या बैठका केल्या, त्यांचा एवढा चहा प्यालो. शेवटी वहिनींनाच विचारलं, अप्पांचे डोळे कसे होते?
वहिनींनी माझ्याकडे बघितलं. उठल्या, बबिताच्या हातात तांब्या दिला, बॅग आणि पिशवी उचलली. गाडी अजून आली नव्हती. समोर रस्त्याच्या कडेला उन्हात जाऊन उभ्या राहिल्या.